काचेखालचा कागद

लातूर
१८ जानेवारी २०२६

आदरणीय सर,

नमस्कार. संक्रांतीला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा शिल्पाताईंनी घेतला आणि बाबा झोपलेत म्हणाल्या. सकाळी अकराला तुम्ही झोपता यावर माझा विश्वास बसेना, म्हणून पत्र लिहिते आहे. सोबत तिळगुळाची पुडी आहे. पोस्टात चुरा झाला असेल तर चमच्याने खा.

डाळमिलमध्ये सगळं ठीक. माणिकप्पा शेठनी मला तुमच्या जागी बसवलं. मी माझी जुनी खुर्ची तिथं ओढून नेली, तुमची कोपऱ्यात ठेवली आहे. टेबलावरची काच तशीच आहे. तुम्ही वाचून झालेला प्रत्येक सरकारी कागद तिच्याखाली सरकवायचात, मी मात्र काही ठेवत नाही. वाचलं की सरळ फायलीत लावते.

रोज संध्याकाळी तुम्ही शिकवल्याप्रमाणे दोन्ही साइट उघडते, आधी परकीय व्यापाराची, मग कस्टमची. नवं काय निघालं ते मराठीत करून शेठना सांगते. तुरीच्या आयातीची मुदत वाढणार का, हे रोज तिघं-चौघं येऊन विचारतात, जशी काही मी दिल्लीतच बसले आहे. मसुरीचं वेगळं, उडदाचं वेगळं, वाटाण्याचं तर विचारूच नका. परवा एका कागदात जुन्या तीन कागदांचे नंबर होते, आणि ते तिन्ही शोधून वाचल्याशिवाय एक ओळ कळेना. जेवतानासुद्धा वाटतं, आत्ता काहीतरी निघालं असेल. अठ्ठावीस वर्षं तुम्ही हे कसं केलंत?

एक विचारायचं होतं. बंदरावरचा एजंट म्हणतो, मालाची ऑनलाइन नोंदणी जहाज निघायच्या आधी हवी. कागदावरून मला वाटतं, पोचायच्या आधी केली तरी चालेल. कुणाचं धरू?

वैष्णवी बरी आहे. बारावीचं वर्ष, दिवसभर क्लासमध्ये असते.

तुमची,
विशाखा

—

नांदेड
सोमवार, २६ जानेवारी २०२६, दुपारचे सव्वाचार

चि. विशाखा,

तिळगूळ मिळाला. चुरा झाला नव्हता. मी दोन खाल्ले, उरलेले मिहिरने. (हे शिल्पाला विचारून लिहितो आहे.)

फोनचा राग मानू नकोस. फोन आता मीच तिच्याकडे देतो. फोनवर बोललेलं मागे राहत नाही. पत्राची मी दुसरी प्रत काढून ठेवतो, म्हणजे आपण काय लिहिलं ते नंतर बघता येतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कागदाचं धर, आणि एजंटचं म्हणणं त्याच्याकडून लेखी घे. लेखी मागितलं की निम्मे लोक आपलं म्हणणं बदलतात. दुसरं असं की कागद वरून वाचायला लागू नकोस. शेवटचा परिच्छेद आधी वाच. कुणाला सूट, कोणत्या तारखेपर्यंत, ते सगळं तिथं तळाला असतं. वर नुसता रुबाब असतो. मात्र मी सांगतो म्हणून ऐकू नकोस, एकदा दुसऱ्या कुणाला विचार. मी सांगितलेलं आता पडताळून घेतलेलं बरं.

अठ्ठावीस वर्षं कसं केलं म्हणतेस. शेवटी कुठं जमलं? ते सोड.

इथं दिवस जातो. मिहिरला शाळेतून आणायचं काम माझ्याकडे होतं, ते वरदने रिक्षावाल्याकडे दिलं. मीच दे म्हटलं. पोराचं बोट धरून रस्त्यात मी थांबलो आणि कुठं जायचं ते आठवलं नाही तर? अजून तसं झालेलं नाही. पण झाल्यावर शहाणं होण्यात अर्थ नाही, हे आपल्या धंद्यात आपण शिकलोच.

माझी खुर्ची कोपऱ्यात कशाला अडवून ठेवतेस? व्यंकटला गोदामात बसायला दे.

मार्तंड आष्टुरकर

—

नांदेड
१७ फेब्रुवारी २०२६

विशाखाताई, स. न.

मी शिल्पा, मार्तंडबाबांची सून. शाळेच्या मधल्या सुट्टीत हे लिहिते आहे. घरून फोन करावा तर बाबा शेजारच्या खोलीत असतात, आणि असलं काही मोबाइलवर टाइप करवत नाही.

बाबा दिवाळीनंतर तुमचं ऑफिस सोडून आमच्याकडे आले ते वेगळेच होऊन आले. बँकेचं पासबुक यांच्या हातात दिलं, माझ्याजवळ नको म्हणाले. घराबाहेर एकटे जात नाहीत. जेवण झालं की मला विचारतात, माझं जेवण झालं ना? त्यांना माहीत असतं, तरी विचारतात. काय काय विसरलो याची एक वही ठेवली आहे. कालच्या पानावर होतं, ‘चष्मा, दोनदा.’ चष्मा तर मीही दिवसातून चारदा शोधते.

आम्ही त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्यांत फारसं काही निघालं नाही. पण बाबा डॉक्टरांना एकच सांगत राहिले, ऑफिसात मला एका फार मोठ्या गोष्टीचा विसर पडला, तुम्हाला ठाऊक नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांच्याबरोबर रोज काम केलेल्या कुणाला तरी विचारा, हे तेव्हापासून होतं का.

तुम्ही अकरा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर होतात. बाबा ऑफिसात विसरायचे का? जे असेल ते खरं लिहा. आम्हाला वाईट वाटेल म्हणून झाकू नका. पुढच्या तपासणीला तुमचं उत्तर घेऊन जायचं आहे.

आपली,
शिल्पा

—

लातूर
२४ फेब्रुवारी २०२६

शिल्पाताई, स. न.

पत्र मिळालं. वाचून फार वाईट वाटलं.

सरांसारखा माणूस या कामात मी दुसरा पाहिला नाही. वाटाण्याचा कागद कोणत्या वर्षी निघाला, त्यात काय होतं, ते झोपेतूनही सांगायचे. शेवटी शेवटी एखाद्या वेळी एखादी गोष्ट राहून जायची, असं म्हणता येईल. या कामात नियम इतके बदलतात की कुणाचंही राहू शकतं. वयाप्रमाणे थोडंफार होतंच. फार काळजी करू नका.

सरांना मी लिहिलं हे सांगू नये ही विनंती.

आपली,
विशाखा

—

नांदेड
गुरुवार, १२ मार्च २०२६, सकाळचे दहा

चि. विशाखा,

शिल्पाने सांगितलं नाही. दवाखान्याच्या फायलीत तुझं पत्र दिसलं, अक्षर ओळखलं. तिच्यावर रागावू नकोस.

तू खरं लिहिलंस ते बरं केलंस. घरातले सगळे ‘तुम्हाला काही झालं नाही’ म्हणून माझी समजूत काढत होते. तुझ्या दोन ओळींनी प्रश्न मिटला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आहे. तिच्याने तोंड कडू होतं आणि दुपारी गुंगी येते, म्हणून सकाळी लिहितो आहे.

आता मागचं बरंच उलगडतं. अकरा वर्षं तू माझ्या चुका गुपचूप निस्तरत असशील आणि मला कळलंही नाही. मी मात्र सगळ्यांसमोर तुला ‘शेवटचा परिच्छेद वाच’ म्हणून सुनवायचो. त्याबद्दल मनात काही ठेवू नकोस.

एकच गोष्ट विचारतो, डॉक्टरांनी लिहून आणायला सांगितली आहे. ऑक्टोबरातला तो शेवटचा बुधवार. मी खाली डाळ निवडायच्या सॉर्टेक्स मशीनवर नमुना बघून वर आलो. तुला विचारलं, आज काही निघालं का? तू पिशवी भरता भरता म्हणालीस, काही नाही सर. हे मला लख्ख आठवतं. तुझी हिरवी ओढणी खुर्चीच्या हातात अडकली होती, ते देखील आठवतं. पण शनिवारी तू म्हणालीस की असं बोलणं झालंच नाही, तू त्या दिवशी लवकर गेली होतीस. आणि वाटाण्याच्या शुल्काचा तो कागद तर माझ्याच काचेखाली निघाला.

म्हणजे जे झालं ते मी विसरलो, आणि जे झालं नाही ते मला ओढणीसकट आठवतं. डॉक्टरांना हे महत्त्वाचं वाटलं. असं आणखी कधी झालं होतं का, तेवढं कळव.

मार्तंड आष्टुरकर

—

लातूर
२२ मार्च २०२६

सर,

हे पत्र आठ दिवस लिहिते आहे. आधीची फाडली, कारण प्रत्येकात वैष्णवीचा ताप पहिल्या ओळीत येत होता.

बुधवारी तुम्ही मला विचारलं होतं. मी काही नाही म्हणाले होते. ओढणी हिरवी होती आणि खुर्चीच्या हातात अडकली होती. तुम्हाला जसं आठवतं तसंच झालं. मी लवकर गेले नव्हते.

तुम्ही खाली होतात तेव्हा मी साइट उघडली. पिवळ्या वाटाण्यावर एक तारखेपासून शुल्क, हे वर होतं. शेवटच्या परिच्छेदात होतं की शुक्रवारपर्यंत जहाजात माल चढल्याची पावती झाली असेल तर सूट. आपला माल तिकडे बंदरावर उभा होता, आणि एजंटच्या बोलण्यात शुक्रवारी निघणारं एक जहाज आलं होतं. वाचता वाचता मला सगळं एकदम कळलं. कागद छापला. पाच चाळीसची वेळ खाली उमटली. तेवढ्यात जिन्यावर तुमची पावलं वाजली आणि मी तो घडी करून पिशवीत टाकला.

का, ते लिहिते. अकरा वर्षांत एकदाही शेठनी अशी बातमी माझ्या तोंडून ऐकली नव्हती. वाचायचो आपण दोघं, सांगायचात तुम्ही. शेठ म्हणायचे, मार्तंडराव हायेत म्हणून आपण हाव. मी चहाचे कप गोळा करत असायचे. वाटलं, उद्या सकाळी तुम्ही यायच्या आधी मी सांगेन. एक दिवस तरी. कुणाचं नुकसान करायचं मनात नव्हतं, एका रात्रीने काही बिघडणार नव्हतं.

पहाटे वैष्णवीला ताप भरला, डेंग्यू निघाला, दवाखान्यात ठेवलं. मला विसर पडला असं मी स्वतःला पाच महिने सांगितलं. ते खरं नाही. गुरुवारी दुपारी तिला सलाइन लागलेलं असताना मला कागद आठवला. फोन हातात घेतला. तुम्हाला सांगावं तर काल का लपवलं, ते सांगावं लागणार. शेठना सांगावं तर ते विचारणार, मार्तंडरावांना कसं माहीत न्हाई? फोन परत पर्समध्ये टाकला. शुक्रवारीही टाकला. ते जहाज आपल्या मालाशिवाय निघालं आणि शुल्क आपल्या डोक्यावर बसलं. त्या दोन दिवसांत बाजारात कुजबुज सुरू झाली होती. शेठनी तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, बुधवारी काही निघालं नाही. माझ्या शब्दावर म्हणालात.

शनिवारी मी साडेनऊला आले. ऑफिसात कुणी नव्हतं. कागद पिशवीतून काढला, तळहाताने सपाट केला आणि तुमच्या काचेखाली सरकवला, दोन जुन्या कागदांच्या मध्ये. असं केलं की तो कुठे तरी होता असं होईल, एवढंच डोक्यात होतं. मग तो तुम्हाला सापडला. शेठ म्हणाले, “मार्तंडराव, तुमच्याच टेबलावर हाय की हो हे.” तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, “विशाखा, तू काही नाही म्हणाली होतीस ना?” मी म्हणाले, “नाही सर, मी तर लवकर गेले होते.”

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, “असेल. माझंच चुकलं असेल.”

मी असं धरून चालले की तुम्ही ओळखलंत आणि मला सांभाळून घेतलंत. नोकरीवरची एकटी बाई, पोरगी दवाखान्यात, म्हणून सोडलंत. तुम्ही राजीनामा दिलात तेव्हाही मी तेच धरलं. तसं धरलं की दिवस जात होता. तुम्ही खरोखरच स्वतःवर संशय घेतला असेल, हे जानेवारीतल्या तुमच्या पत्रात मला दिसलं होतं. दिसलं, आणि मी ते पत्र फायलीत लावलं. शिल्पाताईंनी सरळ विचारलं, तेव्हा मी दुसऱ्यांदा तेच केलं.

ऑफिसात तुम्ही काही विसरल्याचं मला आठवत नाही. एकदाही नाही. हे पत्र डॉक्टरांना दाखवा. गोळीचं त्यांना आजच विचारा.

माफी मागायला शब्द जुळवले होते, ते लिहीत नाही.

विशाखा

—

नांदेड
४ एप्रिल २०२६

विशाखाताई,

तुमचं पत्र बाबांनी मला वाचायला दिलं. आम्ही डॉक्टरांना दाखवलं. गोळी कमी करत करत बंद करायची आहे.

मी तुम्हाला एकच प्रश्न विचारला होता.

बाबांना लिहायचं असेल तेव्हा ते लिहितील. तोवर इकडे येऊ नका.

शिल्पा

—

नांदेड
२६ एप्रिल २०२६

विशाखा,

तुझं पत्र वाचलं तेव्हा पहिल्यांदा आनंद झाला. खरंच. उठून शिल्पाला म्हणालो, हिरवी ओढणी होती. तिला काही कळेना. राग दोन दिवसांनी आला, आणि मग मात्र जाईना.

राग वाटाण्याचा नाही. माल येतो, शुल्क लागतं, धंद्यात ते चालतं. पुढे जायचं होतं तर मला म्हणायचंस, सर, उद्याचं मी सांगते. मी खाली चहाला गेलो असतो. तुझ्या मनात हे होतं आणि मला अकरा वर्षांत दिसलं नाही, ही एक चूक मी माझ्या बाजूला धरतो. बाकीची धरत नाही.

कागदावर घडी होती. मी ती शनिवारीच पाहिली होती. मी कागदाला कधी घडी घालत नाही, तुला माहीत आहे. घडी डोळ्यांसमोर होती आणि तरी मी म्हटलं, आपणच घातली असेल. तू नाही म्हणालीस, त्यापुढे मला स्वतःच्या डोळ्यांचं खरं वाटलं नाही. तुझं इतकं खरं वाटायचं.

त्यानंतर मी पाच महिने पुरावे गोळा केले. चष्मा, किल्ली, एका शेजाऱ्याचं नाव, दुधाची पिशवी. शिल्पाने वही टाकून द्या म्हटलं. मी काल ती घेऊन बसलो. यातलं वयाचं काय आणि तुझ्यामुळे झालेलं काय, ते निवडता येईना. आता काही विसरलं की मला कळत नाही ते खरं विसरणं आहे की सवय.

तू नोकरी सोडू नकोस. सोडलीस की तुझं तू फेडलंस असं तुला वाटेल. माणिकप्पांना सांग. मी सांगणार नाही. माझ्या तोंडून ती म्हाताऱ्याची सबब वाटेल.

मार्तंड आष्टुरकर

—

लातूर
१७ मे २०२६

सर,

मागच्या आठवड्यात सोमवारी शेठना सांगितलं. ते नमुन्याची तूर तळहातावर घेऊन बघत होते, तशीच धरून राहिले. मग म्हणाले, “बाई, झालं ते गेलं. आता कशाला उकरून राहिल्या?” मी म्हटलं, सरांसाठी. म्हणाले, “मार्तंडरावांला मी फोन करतो. पण तुम्ही भायेर कुठं बोलू नका. बाजारात कळलं तर लोक म्हणतील, हितं कागदाचाच भरवसा न्हाई.”

मला ते सोपं होतं. दोन दिवस मी गप्प बसले, शेठनीच सांगितलंय म्हणून. मग लक्षात आलं की ही तीच सवय आहे. गुरुवारी चहाच्या वेळी सगळे असताना उभी राहिले आणि सांगितलं. छपाई, काच, ओढणी, सगळं. टाइपिंगवाल्या राजश्रीने मान खाली घातली. गोदामाचा व्यंकट दारात होता. तो म्हणाला, “म्हंजे सर बरोबर होते.” मग म्हणाला, “आम्ही लई हसलो त्यांना, बाई. काही हरवलं की म्हणायचो, काचेखाली बघा.” मी तुम्हाला हे लिहावं की नाही, कळत नव्हतं. पण आता ठरवून काही गाळत नाही.

शेठ रागावले. कागद वाचायचं काम माझ्याकडून काढलं, पुण्याच्या एका कंपनीला दिलं. ती रोज संध्याकाळी मोबाइलवर चार ओळी पाठवते. मला गेटपासवर बसवलं आहे, ट्रकचे नंबर लिहिते. संध्याकाळी हात आपोआप साइट उघडायला जातो. परवा उघडलीही. एक छोटा बदल निघाला होता, कंपनीच्या चार ओळींत तो नव्हता. मी धावत वर जाऊन शेठना सांगितलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, “पक्कं का?” त्यांनी तुम्हाला असं कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही स्वतः वाचून बघा.

शेठनी फोन केला का, मला माहीत नाही. विचारायचं धाडस नाही.

विशाखा

—

नांदेड
३१ मे २०२६

विशाखा,

माणिकप्पांचा फोन आला होता. बराच वेळ पावसाचं बोलले, मग म्हणाले, परत या, खुर्ची हाय. मी नको म्हटलं. वय झालं म्हणालो. ते खरं कारण आहे आणि ते मी दिलं, एवढं मला बरं वाटलं.

व्यंकटचं लिहिलंस ते वाचून त्रास झाला. तरी गाळलं नाहीस ते चांगलं. व्यंकटला सांग, मी त्याच्या जागी असतो तर मीही हसलो असतो.

गेल्या मंगळवारी मी एकटा बिलोलीला जाऊन आलो, बहिणीकडे, एसटीने. शिल्पाने डबा दिला, वरद स्टँडपर्यंत येतो म्हणाला, मी येऊ दिलं नाही. जाताना बरोबर उतरलो, येताना बरोबर बसलो. उमाबाई म्हणाली, दादा, तू तर पहिल्यासारखाच दिसतोस. डॉक्टरांचंही तेच म्हणणं आहे. पासबुक परत घेतलं. शाळा उघडली की मिहिरला मी आणणार. म्हणजे तू नेलेलं बरंचसं परत आलं. तुला कळावं म्हणून लिहिलं.

एक मात्र झालं. बिलोलीहून येताना वाटेत मनात आलं, निघताना चहा केला होता, गॅस बंद केला का? घरात शिरल्या शिरल्या शिल्पाला विचारलं. ती म्हणाली, “हो बाबा, तुम्हीच केला. मी ओट्यापाशीच होते.”

ती खरं बोलत होती. या मुलीने मला आजवर एकदाही खोटं सांगितलेलं नाही. तरी मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. तिने भाजी चिरता चिरता वर पाहिलं, तिला ते कळलं, आणि तिने मान खाली घातली. अठ्ठावीस वर्षं मी सरकारी कागदाकडे असा बघत आलो. घरातल्या माणसाकडे कधी बघितलं नव्हतं.

हे कसं जातं ते मला ठाऊक नाही. गेलं तर तुला लिहीन. तू विचारू नकोस.

मार्तंड आष्टुरकर